चिंतामणराव देशमुख : पॅरिसच्या व्यासपीठापासून ठाण्याच्या वर्गापर्यंत

ठाणे - स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या मुलामुलींना चिंतामणराव देशमुख हे नाव पहिल्यांदा भेटते ते बहुधा एका पाटीवर. ठाणे महापालिकेच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे. इंग्रजांच्या काळात सनदी सेवेच्या परीक्षेत पहिला आलेला मराठी माणूस अशा संस्थेला शोभून दिसतो, आणि बहुतेकांच्या लेखी त्यांची ओळख तेथेच थांबते. याच मुलांना आंतरराष्ट्रीय संस्थांच्या अभ्यासात युरोपीय महासंघाची सनावळी पाठ करावी लागते. १९५१ चा कोळसा आणि पोलादाचा करार, १९५७ चा रोमचा करार, २००२ मध्ये हातात आलेल्या युरोच्या नोटा, २०२० मध्ये बाहेर पडलेला ब्रिटन. विद्यापीठांतून आता अशा विषयांसाठी दूरचित्रसंवादाचा आधार घेतला जातो. युरोपातील एखाद्या विद्यापीठात बसलेला प्राध्यापक इथल्या वर्गातील पडद्यावर येतो, महासंघाच्या अर्थकारणावर तासभर बोलतो आणि मुलांच्या शंकांना तेथूनच उत्तरे देतो. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी मोबाइलवर वर्ग भरल्यानंतर तर उपनगरांतील महाविद्यालयांनाही त्याचे अप्रूप राहिलेले नाही.

त्या पडद्यावरील व्याख्यानाचा आणि बाहेरच्या पाटीवरील नावाचा संबंध मात्र सहसा कोणी जोडत नाही. वास्तविक तो फार जवळचा आहे. युरोपने ज्या १९५० साली आपल्या आर्थिक ऐक्याचा पाया घातला, त्याच वर्षी त्याच पॅरिस शहरात जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षपद चिंतामणरावांनी भूषविले होते. आणि त्यापूर्वी अवघी दोन वर्षे, दोन स्वतंत्र देशांचे एकच चलन सांभाळण्याचे आणि मग ते विभागून देण्याचे काम त्यांच्याच हातून झाले होते. युरोप जे जोडू पाहत होता ते तुटताना कसे दिसते, हे त्या सभेत त्यांच्याइतके जवळून पाहिलेला दुसरा माणूस क्वचितच असेल.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याच्या परिसरातील नाते या गावी झाला. वडील वकील. घर सुस्थितीतले, पण कुलाबा जिल्ह्यातील त्या काळच्या शिक्षणाच्या सोयी तुटपुंज्या. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते १९१२ मध्ये मॅट्रिकला विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. या यशाने भारावून राम गणेश गडकऱ्यांनी त्यांच्यावर कविता लिहिली, असे मराठी वाङ्मयविश्वात सांगितले जाते. संस्कृतचे हे वेड त्यांना आयुष्यभर पुरले. रिझर्व्ह बँकेचे ताळेबंद पाहणाऱ्या या माणसाने मेघदूताचे मराठीत भाषांतर केले आणि गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली.

१९१५ मध्ये ते केंब्रिजच्या जीझस महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांनी अर्थशास्त्र शिकले नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांचे विषय वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे होते आणि वनस्पतिशास्त्राचे पारितोषिकही त्यांना मिळाले. १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आयसीएस परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक मिळवला. लोकमान्य टिळक त्या सुमारास चिरोल खटल्यासाठी लंडनमध्ये होते. परक्या सरकारची नोकरी पत्करावी की नाही, या प्रश्नाने अस्वस्थ झालेल्या चिंतामणरावांनी टिळकांची भेट घेतली. स्वराज्य आल्यावर राज्यकारभार जाणणारी माणसे लागतील, तेव्हा नोकरीत जावे आणि अनुभव घ्यावा, असा सल्ला टिळकांनी दिला. सल्ला देणाऱ्याने ज्या दिवसाची कल्पना केली होती तो दिवस यायला अजून २८ वर्षे होती.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडात त्यांची नोकरी सुरू झाली. रायपूरला जमाबंदी अधिकारी म्हणून त्यांनी गावोगावच्या जमिनीची प्रत पाहून सारा ठरविण्याचे किचकट काम केले. १९३१ मध्ये रजेवर लंडनला असताना दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात त्यांना घेण्यात आले. ब्रिटिश प्रांत आणि संस्थाने यांचे एक संघराज्य कसे करावे, याचा काथ्याकूट त्या परिषदेत चालला होता. तो संघ कागदावरच राहिला. १९३५ च्या कायद्यातील त्यासंबंधीचा भाग कधीच अमलात आला नाही. संस्थानिकांना सत्तेचा वाटा हवा होता, अधिकार सोडायचे नव्हते. राज्ये एकत्र येण्याच्या वाटाघाटी कोठे अडतात याचा चिंतामणरावांना घडलेला हा पहिला परिचय होय.

रिझर्व्ह बँकेत ते १९३९ च्या जुलैमध्ये आले, ते बँक आणि सरकार यांच्यातील संपर्क अधिकारी म्हणून. दोन महिन्यांनी महायुद्ध सुरू झाले. मग मंडळाचे सचिव, १९४१ च्या डिसेंबरात उपगव्हर्नर आणि सर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर ११ ऑगस्ट १९४३ पासून गव्हर्नर. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. फोर्टातील त्या कचेरीचा कारभार त्यांच्याकडे आला ते वर्ष बंगालच्या दुष्काळाचे होते. ब्रिटन युद्धासाठी भारतातून माल आणि सेवा उचलत होता आणि मोबदला म्हणून लंडनमध्ये पौंडांतील रोखे भारताच्या नावे जमा करत होता. त्या रोख्यांच्या तारणावर इथे नोटा छापल्या जात. युद्धकाळात चलनातील नोटांचे प्रमाण सुमारे सहापट झाले आणि महागाईने गरिबाचे कंबरडे मोडले. युद्ध संपताना लंडनमध्ये साठलेली ही रक्कम, ज्याला स्टर्लिंग शिल्लक म्हणत, सुमारे १७०० कोटी रुपयांच्या घरात गेली होती. हिशेबाच्या वहीत ती भारताची श्रीमंती दिसत असे. प्रत्यक्षात ती इथल्या जनतेने उपाशी राहून ब्रिटनला दिलेली उधारी होती. चिंतामणराव त्या यंत्रणेचे प्रमुख होते, हे त्यांच्या चरित्रकारांनी नजरेआड करण्याचे कारण नाही. तसेच ती रक्कम बुडू नये म्हणून झगडणाऱ्यांतही ते आघाडीवर होते, हेही खरे.

हा झगडा जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटनवुड्स येथे झाला. युद्धोत्तर जगाची आर्थिक घडी बसविण्यासाठी ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी न्यू हॅम्पशायरच्या डोंगरातील एका हॉटेलात तीन आठवडे जमले होते. सर जेरेमी रेझमन यांच्या नेतृत्वाखालील भारताच्या शिष्टमंडळात चिंतामणराव, षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ अशी मंडळी होती. देश पारतंत्र्यात असूनही ही मंडळी ब्रिटनच्या सुरात सूर मिसळायला तयार नव्हती. स्टर्लिंग शिल्लक इतर देशांच्या चलनात बदलून मिळावी यासाठी नाणेनिधीने मार्ग काढावा आणि मागासलेल्या देशांच्या विकासाचा विचार निधीच्या उद्दिष्टांत यावा, अशा दोन मागण्या भारताने लावून धरल्या. पहिली मागणी ब्रिटनने फेटाळली. भारत आणि ब्रिटन यांनी ते आपसांत मिटवावे, असे ठरले. निधीतील भारताचा वाटा ४० कोटी डॉलर ठरला. तो शिष्टमंडळाला अपुरा वाटला, परंतु पुढे सोव्हिएत रशियाने निधीत येण्याचे नाकारल्याने भारत पहिल्या पाच मोठ्या भागधारकांत आला आणि कार्यकारी मंडळावर त्याला हक्काची जागा मिळाली. स्वातंत्र्यापूर्वी जगाच्या अर्थकारणात मिळालेली ही जागा पुढे चिंतामणरावांनी दहा वर्षे नियामक मंडळावर राहून सांभाळली.

फाळणी आली तेव्हा सैन्य, रेल्वेचे डबे, कचेऱ्यांतील टेबल-खुर्च्या अशा सगळ्याच्या वाटण्या झाल्या. चलनाची वाटणी मात्र एका रात्रीत करता येण्यासारखी नव्हती. म्हणून १९४७ मध्ये असे ठरले, की काही काळ रिझर्व्ह बँकेनेच दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक म्हणून काम पाहावे. तिचे कार्यालय मुंबईत, गव्हर्नर मराठी, आणि ग्राहक दोन सरकारे, जी ऑक्टोबरपासून काश्मीरच्या रणांगणावर एकमेकांविरुद्ध उभी होती! दिल्लीतील शिल्लक रकमेतून पाकिस्तानला द्यावयाच्या ७५ कोटींपैकी ५५ कोटी रुपये भारत सरकारने रोखून धरले आणि गांधीजींच्या उपोषणानंतर जानेवारी १९४८ मध्ये ते मोकळे केले, हा इतिहास सर्वांना माहीत आहे. त्या काळात दोन्ही सरकारांची खाती सांभाळणाऱ्या बँकेची अवस्था काय झाली असेल, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. १ एप्रिल १९४८ पासून पाकिस्तान सरकारचे नाव वर छापलेल्या भारतीय नोटा निघू लागल्या. सामाईक व्यवस्था मूळ ठरावाप्रमाणे सप्टेंबर १९४८ अखेरपर्यंत चालायची होती, ती जूनअखेरच आटोपती घेण्यात आली. १ जुलै रोजी कराचीत पाकिस्तानची स्टेट बँक उघडली. ब्रह्मदेशाची मध्यवर्ती बँक म्हणून असलेली जबाबदारी तर रिझर्व्ह बँकेने आधीच, एप्रिल १९४७ मध्ये सोडली होती. एकेकाळी रंगूनपासून पेशावरपर्यंत एका बँकेच्या अखत्यारीत असलेले चलन असे सव्वा वर्षात तीन देशांत विभागले गेले.

त्याचे परिणाम दिसायला वेळ लागला नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाची किंमत ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर उतरवली. भारताने रुपया त्याच प्रमाणात खाली आणला. पाकिस्तानने आणला नाही. कालपर्यंत एकास एक असलेल्या दोन रुपयांत एकाएकी शंभरास एकशे चव्वेचाळीस असा फरक पडला आणि तो दर मानायला भारत तयार होईना. दोन देशांमधला व्यापार जवळजवळ ठप्प झाला. ताग पिकवणारा शेतकरी पूर्व बंगालमध्ये आणि तागाच्या गिरण्या कलकत्त्यात. एकाचा माल पडून, दुसऱ्याच्या गिरणीला कच्चा माल नाही. हा पेच फेब्रुवारी १९५१ मध्ये पाकिस्तानचा दर मान्य करून सोडवावा लागला. तेव्हा भारताचे अर्थमंत्री चिंतामणरावच होते. ३० जून १९४९ रोजी गव्हर्नरपद सोडल्यावर सरकारचे खास आर्थिक राजदूत म्हणून ते अमेरिका आणि युरोपात गेले होते, नंतर नियोजन आयोगावर आले आणि जॉन मथाई यांच्या राजीनाम्यानंतर १ जून १९५० रोजी त्यांनी अर्थखाते हाती घेतले होते.

हीच ती वेळ, जेव्हा युरोपात उलट्या दिशेने पाऊल पडले. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमन यांनी पॅरिसमध्ये फ्रान्स आणि जर्मनी यांचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक अधिकारी मंडळाखाली आणण्याची योजना जाहीर केली. तिचा आराखडा झाँ मोने यांचा. सत्तर-ऐंशी वर्षांत तीनदा एकमेकांशी लढलेल्या या दोन देशांनी तोफा ज्यापासून बनतात तो कच्चा मालच वाटून घ्यायचा, म्हणजे चोरून युद्धाची तयारी करणे कोणाला जमणार नाही, असा त्यामागचा साधा व्यवहारी विचार होता. इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग त्यात सामील झाले. ब्रिटन बाहेर राहिला. त्याच वर्षीच्या १९ सप्टेंबरला पश्चिम युरोपातील देशांनी पॅरिसमध्येच आणखी एक करार केला. युरोपियन पेमेंट्स युनियन या नावाने झालेली ही व्यवस्था वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर शोभण्यासारखी नव्हती, पण तिचे काम मोठे होते. तोपर्यंत प्रत्येक देश दुसऱ्या प्रत्येक देशाशी वेगळा हिशेब ठेवत असे. आता दरमहा सर्वांची देणी-घेणी एकत्र मांडून वजावट करायची आणि प्रत्येकाने उरलेली रक्कम एकट्या युनियनला द्यायची किंवा तिच्याकडून घ्यायची, काही सोन्यात, काही उधारीवर. मार्शल योजनेतील अमेरिकी पैसा त्याला भांडवल म्हणून मिळाला. गावच्या सावकारी पेढीवर सगळ्या व्यापाऱ्यांच्या हुंड्या एका बैठकीत मिटवाव्यात, तसा हा प्रकार.

भारताचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध होता. रुपया पौंडाच्या गटात असल्याने आणि त्या गटाचे युरोपशी होणारे व्यवहार ब्रिटनमार्फत युनियनमध्ये वजावटीला येत असल्याने, मुंबईच्या गिरणीने जर्मनीहून यंत्र मागवले तर त्याचाही हिशेब शेवटी त्याच वहीत जाऊन पडत असे. सप्टेंबर १९५० मध्ये नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या सभेच्या अध्यक्षस्थानी बसलेल्या भारतीय अर्थमंत्र्याच्या भोवती, त्याच शहरात, हे सारे आकार घेत होते. त्यांच्या स्वतःच्या खंडात मात्र एकाच चलनातून निघालेले दोन देश तागाच्या एका गासडीचा दर ठरवू शकत नव्हते. युरोपीय ऐक्याच्या इतिहासाची पुस्तके उघडली तर त्यांत हा संदर्भ आढळत नाही. तो आपल्याकडील प्राध्यापकांनी तरी मुलांना सांगायला हवा. कारण २०१० नंतर ग्रीस कर्जाच्या गर्तेत सापडला आणि स्वतःचे चलन नसल्यामुळे अवमूल्यन करू शकला नाही, हे पडद्यावरील व्याख्यानात ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला १९४९ चा रुपया चटकन समजेल.

अर्थमंत्री म्हणून चिंतामणरावांची सहा वर्षे पहिल्या पंचवार्षिक योजनेची होती. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते काँग्रेसच्या तिकिटावर कुलाब्यातून निवडून आले. भाषणबाजी त्यांना जमत नसे आणि संसदेत ते आकड्यांनी बोलत. अर्थसंकल्पाची कागदपत्रे हिंदीतूनही छापण्यास १९५५ मध्ये त्यांच्याच काळात आरंभ झाला. इम्पीरियल बँकेचे रूपांतर होऊन १ जुलै १९५५ रोजी भारतीय स्टेट बँक अस्तित्वात आली. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाल्याची घोषणा त्यांनी आकाशवाणीवरून केली आणि त्यातून सप्टेंबरात आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. सकाळची जलद लोकल पकडून फोर्टात कामाला जाणाऱ्या डोंबिवली-कल्याणच्या कित्येक पिढ्यांचा संसार ज्या दोन संस्थांवर उभा राहिला, त्या दोन्ही त्यांच्या कारकिर्दीतल्या. बँकेत आणि एलआयसीत नोकरी म्हणजे जावई पक्का, असे म्हणणाऱ्या मध्यमवर्गाने मात्र त्यांची आठवण वेगळ्याच कारणासाठी ठेवली.

ते कारण म्हणजे मुंबई. राज्य पुनर्रचनेच्या वादात जानेवारी १९५६ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असे जाहीर केले. शहर पेटले. पोलिसांच्या गोळीबारात माणसे मारली गेली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांची संख्या शंभराच्या वर गेली. चिंतामणरावांनी त्याच महिन्यात राजीनामा देऊ केला होता, तो तेव्हा थांबला. त्यांनी इतके महिने वाट का पाहिली, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. अखेर जुलै १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. लोकसभेत निवेदन करताना निर्णय घेण्याच्या पद्धतीवर त्यांनी थेट पंतप्रधानांना जबाबदार धरले आणि मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी होत नसल्याबद्दल खंत व्यक्त केली. ज्या नेहरूंनी १९५३ मध्ये दुर्गाबाईंशी झालेल्या त्यांच्या विवाहाला साक्षीदार म्हणून सही केली होती, त्यांच्याच विरोधात सभागृहात उभे राहणे या मितभाषी माणसाला सोपे गेले नसावे. महाराष्ट्राने त्यांना कंठमणी म्हणून डोक्यावर घेतले. ते स्वतः मात्र आंदोलनाच्या व्यासपीठावर रमले नाहीत. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला तेव्हा ते दिल्लीत विद्यापीठांच्या कामात होते.

मुंबई महाराष्ट्राला न देण्यासाठी पुढे केला गेलेला युक्तिवाद मुख्यतः आर्थिक होता. शहरातील भांडवल, बंदर आणि व्यापार हे साऱ्या देशाचे आहेत, ते एका भाषेच्या राज्यात जाऊ नयेत, असे सांगितले जात होते. देशाच्या तिजोरीचा हिशेब ज्याच्याकडे होता त्यानेच हा युक्तिवाद नाकारला, याला महत्त्व आहे. आर्थिक सोय आणि लोकांची इच्छा यांत फारकत झाली की जोडलेले टिकत नाही, हे त्याने १९४८ मध्ये पाहिलेले होते. २०१६ मध्ये ब्रिटनच्या मतदारांनी महासंघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा युरोपातील अर्थतज्ज्ञांनाही हाच अनुभव आला.

राजीनाम्यानंतर काही दिवसांतच त्यांच्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आले आणि ते १९६१ पर्यंत राहिले. आयोगाला कायद्याचे अधिष्ठान त्याच १९५६ मध्ये मिळाले होते. देशात तेव्हा विद्यापीठांची संख्या पन्नाशीलाही पोचलेली नव्हती. याच काळात, १९५९ मध्ये, त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दिल्लीत इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. जगभरचे विद्वान जेथे येतील, राहतील, वाद घालतील अशी एक जागा स्वतंत्र देशाच्या राजधानीत असावी ही त्यामागची कल्पना. जानेवारी १९६२ मध्ये तिचे उद्घाटन झाले. वनस्पतिशास्त्राच्या या जुन्या विद्यार्थ्याचे तेथील बागेकडेही लक्ष असे.

मार्च १९६२ मध्ये ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्याच वर्षी त्या विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षणाची शाळा उघडली. देशातील हा असा पहिलाच प्रयोग. वर्गात येऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्याला धडे टपालाने पाठवायचे, त्याने उत्तरे लिहून परत टपालाने पाठवायची, ती तपासून पुन्हा टपालात. पदवी इतकी स्वस्त करू नये, असा सूर तेव्हा उमटला होता. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये हीच वाट धरली. दिवसा नोकरी करून, येता-जाता गाडीत पाठ्यपुस्तक चाळून पदवीधर झालेल्या ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या हजारो कारकुनांनी, शिक्षकांनी आणि घर सांभाळणाऱ्या स्त्रियांनी त्या सोयीचे सोने केले. आजचा दूरचित्रसंवादाचा वर्ग याच टपालाच्या पाकिटाचा वंशज आहे.

चिंतामणराव कुलगुरू असतानाच युरोपचा प्रश्न दिल्लीत पुन्हा डोकावला. १९६१ मध्ये ब्रिटनने युरोपच्या सामाईक बाजारपेठेत शिरण्यासाठी अर्ज केला आणि राष्ट्रकुलाच्या नात्याने भारतीय चहा व कापडाला ब्रिटनमध्ये मिळणारी सवलत जाते की काय, या चिंतेने सरकार ग्रासले. जानेवारी १९६३ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी ब्रिटनला दार बंद केल्याने ती चिंता दहा वर्षे पुढे गेली. ब्रिटन १९७३ मध्ये आत गेला आणि त्याच वर्षी भारताने युरोपीय आर्थिक समुदायाशी स्वतंत्र व्यापारी करार केला. लंडनच्या वाटेने युरोपकडे जाण्याचे दिवस तेथे संपले. लंडनमध्ये साठलेल्या रकमेसाठी ब्रेटनवुड्सला भांडलेल्या पिढीतील हे गृहस्थ तोवर निवृत्त होऊन हैदराबादला स्थायिक होण्याच्या मार्गावर होते.

१९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्यांना उभे केले. व्ही. व्ही. गिरी आणि संजीव रेड्डी यांच्या त्या गाजलेल्या लढतीत ते तिसरे आले. पक्षीय राजकारणात शिरण्याची त्यांना गरज नव्हती, आणि त्या निवडणुकीने त्यांच्या लौकिकात काही भर घातली असेही नाही. १९७४ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र आले. १९७५ मध्ये त्यांना आणि दुर्गाबाईंना एकाच वेळी पद्मविभूषण मिळाले. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांचे निधन झाले. त्या दिवशी गांधी जयंती असल्याने देश दुसऱ्या कार्यक्रमांत होता.

त्यानंतर दोन वर्षांनी, १५ ऑगस्ट १९८४ रोजी, विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्सॅट उपग्रहाच्या साह्याने दूरदर्शनवर विद्यापीठीय विषयांचा कार्यक्रम सुरू केला. तो एकमार्गी होता. पडद्यावरचा प्राध्यापक बोलत असे आणि विद्यार्थी ऐकत असे, मध्येच हात वर करून काही विचारण्याची सोय नव्हती. ती सोय सप्टेंबर २००४ मध्ये सोडलेल्या एज्युसॅट उपग्रहाने देऊ केली.